तरुणांच्या हाकेच्या अंतरावर कोण?

(मंडणगड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

संयोजकांनी मला दिलेला विषय कागदावर मोठा बोजड दिसतो : ‘संकटग्रस्त तरुण व स्थानिक साहाय्यसेवा’. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अगदी साधा आहे. या तालुक्यातील एखाद्या वाडीत सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी अडचणीत सापडली, तर ती कोणाला हाक मारील, आणि ती हाक ऐकून कोण उठेल? याच एका प्रश्नाचा विचार आज आपण करावा, अशी माझी इच्छा आहे.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. किनाऱ्यावर बाणकोट, वेळास, खाडीकाठी म्हाप्रळ, आणि आत डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या साठ हजारांच्या थोडी वर होती. त्याच जनगणनेने आणखी एक गोष्ट नोंदवली. देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या मात्र दहा वर्षांत घटली : २००१ साली १६ लाख ९७ हजार, २०११ साली १६ लाख १५ हजार. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. हा आकडा ऐकून कोणी स्त्री-पुरुष समतेचा आनंद मानू नये. या जिल्ह्यातील कर्ते पुरुष जिल्ह्याबाहेर आहेत, एवढाच त्याचा मुख्य अर्थ आहे. मागे राहतात त्या म्हाताऱ्या सासवा, सुना आणि मुले. घरात बाप आहे, पण तो मुंबईस आहे. काका आहे, पण तो पुण्यास आहे. वयात येणाऱ्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणारे माणूस वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिमग्यात, चार दिवसांसाठी घरी येते.

या पार्श्वभूमीवर ‘संकटग्रस्त तरुण’ म्हणजे कोण, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘वाया गेलेली पोरे’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी सहज येतो. कार्यकर्त्याने तो टाकून द्यावा, कारण त्या शब्दाने सारा दोष त्या मुलाच्या गळ्यात घातला जातो आणि आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात काय दिसते? दहावीत गणित-इंग्रजीत अडखळलेला मुलगा गावातच राहतो. आंब्या-काजूच्या हंगामात दोन महिने मजुरी मिळते, कधी चिरेखाणीवर काम मिळते, उरलेले दिवस रिकामे. रिकाम्या दिवसांत दारूचा गुत्ता जवळ असतो, आणि आता हातातल्या मोबाइलमध्ये जुगारही आला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केला. परंतु त्या खेळासाठी काढलेले कर्ज कायद्याने फिटत नाही. दुसरा मुलगा मुंबईस जातो, ठेकेदाराकडे किंवा दुकानात लागतो आणि काम सुटले की परत येतो. परतलेल्या मुलाकडे गाव ‘हरलेला’ म्हणून पाहते. तिसरा होडीवर खलाशी म्हणून जातो. चौथा कातकरी वाडीतला. आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेले की त्याची शाळा सुटते, आणि एकदा सुटलेली शाळा पुन्हा क्वचितच धरली जाते.

मुलींची अडचण निराळी आहे आणि ती अधिक झाकलेली असते. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. परंतु शाळा सुटल्यावर वाडीकडे जाणारी गाडी जर तासाभराने असेल आणि पावसाळ्यात ती येईलच याची खात्री नसेल, तर पास दप्तरात राहतो आणि मुलगी घरी राहते. घरी राहिलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात. तिने स्वतःच्या मनाने कोणाची निवड केली आणि तो दुसऱ्या जातीचा निघाला, तर तिच्या बाजूने बोलणारे माणूस सबंध वाडीत सापडत नाही.

या साऱ्यावर २०२० साली दोन आघात एकदम झाले. महामारीत शाळा बंद पडल्या, मुंबईतले रोजगार गेले; आणि ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातील घरे आणि बागा झोडपल्या. वर्षानुवर्षे वाढवलेली आंब्याची, सुपारीची झाडे एका दिवसात आडवी झाली. त्या वर्षी जी मुले नववी-दहावीच्या वयाची होती, ती आज विशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी किती जण शाळेत परतले, किती जण कामाला लागले, किती जण नुसतेच राहिले, याची वाडीवार मोजदाद आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी केली आहे? हा प्रश्न मी शासनाला विचारण्यापूर्वी आपल्या संघटनेला विचारतो.

साथींनो, अडचणीतल्या तरुणाला आधार देण्याची व्यवस्था या भागात पूर्वी नव्हती असे नाही. ती शासनाने उभारलेली नव्हती, कोकणातल्या श्रमिकांनी स्वतः उभारलेली होती. गिरणगावातील गावाच्या खोल्या आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असतील. एका गावातल्या माणसांनी वर्गणी काढून लालबाग-परळला एक खोली घ्यायची. तीत वीस-पंचवीस जणांच्या ट्रंका आणि वळकट्या. एका पाळीतले कामावर गेले की दुसऱ्या पाळीतल्यांनी अंथरूण पसरायचे. जेवण खाणावळीत. गावाहून नवा पोरगा आला की त्याने कोणाला पत्ता विचारण्याची गरज नसे. तो गावाच्या खोलीवर येई. त्याला जागा मिळे, उधारीवर जेवण मिळे आणि काही दिवसांनी कोणी जाणता माणूस त्याला गिरणीच्या दारावर बदली कामगार म्हणून उभा करी. आजारी पडला तर के.ई.एम.ला नेणारे कोणी असे. दारूच्या नादी लागला तर खोलीतला वडील माणूस त्याच्या घरी पत्र घाली. ग्रामस्थ मंडळ हे या खोलीचे संघटित रूप. गावची शाळा, गावचे देऊळ, गावची पाणंद यांसाठी मुंबईत वर्गणी जमे. १९२० साली स्थापन झालेल्या कुणबी समाजोन्नती संघासारख्या संस्थांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखा, मुस्लिम मोहल्ल्यांच्या जमाती यांनीही आपापल्या माणसांसाठी ते केले.

या व्यवस्थेचे बळ कशात होते? तिच्याजवळ पैसा नव्हता, कायदा नव्हता, तज्ज्ञ नव्हते. तिचे बळ एवढेच होते, की अडचणीतला मुलगा आणि त्याला हवी असलेली मदत यांच्यामध्ये एक ओळखीचे माणूस उभे असे. तो मुलगा एकटा इस्पितळात जात नसे, एकटा गिरणीच्या दारात उभा राहत नसे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. त्या संपाचे राजकीय मूल्यमापन हा आजचा विषय नाही. परंतु संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि कामगारांबरोबर त्यांची खोलीही मोडली. गिरणगावातल्या मुलांची एक पिढी कामावाचून वाढली आणि तिच्यातील काहींना टोळ्यांनी उचलले, ही गोष्ट त्या वस्तीच्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. टोळीनेही त्या मुलाला काय दिले? ओळख, चार पैसे, आणि हाक मारली तर येणारी माणसे. जे काम समाजाने सोडले ते टोळीने उचलले. तरुणाला एकटे राहवत नाही. आपण त्याच्याजवळ गेलो नाही, तर दुसरा कोणी तरी जातोच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहून आली, ती आपण वर्तमानपत्रांतून वाचली. समुद्राने किनाऱ्यावर काय आणून टाकावे हे आपल्या हातात नाही. किनाऱ्यावरचा मुलगा त्या क्षणी एकटा असावा की नसावा, हे काही अंशी आपल्या हातात आहे.

मात्र जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन मी थांबणार नाही, कारण तिला एक मोठे वैगुण्य होते. ती जातीच्या आणि गावकीच्या चौकटीत चाले. खोली एका जातीची असे. तीत मुलीला स्थान नसे. आणि जी गावकी आधार देई तीच गावकी शिक्षाही करी. गावकीचे न ऐकणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्याचे प्रकार रायगड-रत्नागिरीत इतके घडले, की अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आहे. तेव्हा जुन्या खोलीतली सोबत आपल्याला हवी आहे, तिच्यातली गावकी नको. हे दोन्ही वेगळे करता येतात का? येतात, आणि त्याचे पुरावे दूर शोधावे लागत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यात आहे. साने गुरुजींचे पालगड शेजारच्या दापोली तालुक्यात. दोघांचे मार्ग वेगळे, प्रकृती वेगळी. परंतु एका बाबतीत दोघांच्या कार्यात साम्य आढळते. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना १९२४ साली झाली आणि पुढच्याच वर्षी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. नुसते ‘शिका’ म्हणून भागत नाही, शिकणाऱ्याला राहायला जागा, जेवायला अन्न आणि लक्ष ठेवणारे माणूस लागते, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. तिकडे अमळनेरला साने गुरुजी शाळेत शिकवीत आणि छात्रालयातल्या मुलांचे सर्व काही पाहत. मुलांच्या खोल्या झाडण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याच जिल्ह्यात देवरुखला इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली ‘मातृमंदिर’ सुरू केले. एका लहानशा प्रसूतिगृहापासून निघालेले ते काम पुढे निराधार मुलींच्या ‘गोकुळ’पर्यंत गेले. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचट यांनी व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ उभे केले. तिथे उपचार संपल्यावरचा पाठपुरावा हा उपचाराइतकाच महत्त्वाचा मानला जातो आणि व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने येणाऱ्यांच्या सोबतीला उभी राहतात. ही सारी कामे जात विचारून झाली नाहीत.

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. आज कायदे आहेत, योजना आहेत, कचेऱ्या आहेत. कार्यकर्त्यांना त्यांची नीट माहिती हवी, म्हणून थोडे तपशिलात जातो.

अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समिती, बाल न्याय मंडळ आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असावी, असा महाराष्ट्र शासनाचा २०१४ पासूनचा निर्णय आहे. सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका ही माणसे तीत असतात. बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकावर टाकलेली आहे. ज्या मुलाला आई किंवा बाप यांपैकी कोणी एकच उरला आहे, किंवा दोघेही नाहीत, त्याच्यासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला २२५० रुपये झाली. किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी २०१४ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्याखाली रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची सल्लाकेंद्रे चालतात. मनाच्या त्रासासाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. मुलांसाठी १०९८. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ सालचा आहे, आणि त्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि अटकेत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. २०२५ च्या ऑक्टोबरात मंडणगडच्या नव्या न्यायालय इमारतीचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. न्यायालय तालुक्यात आले, ही चांगली गोष्ट झाली.

एवढे सारे असताना अडते कुठे? मी एक उदाहरण घेतो. ते कोणा एका मुलाचे नाही, परंतु आपल्यापैकी अनेकांना ते ओळखीचे वाटेल. समजा, सतरा वर्षांचा मुलगा मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी ठाण्यावर नेला. कायदा काय म्हणतो? त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असला पाहिजे, आणि मुलाच्या पालकांना कळवले पाहिजे. मुलाचे नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. परंतु यातले एक अक्षरही त्याच्या आईला ठाऊक नसते. बाप मुंबईत. आई वाडीतल्या पुढाऱ्याकडे जाते. तो म्हणतो, ‘काही तरी देऊन मिटवू.’ प्रकरण मिटते किंवा मिटत नाही, पण मुलगा त्या दिवसापासून गावाच्या लेखी चोर ठरतो. मंडळापुढे जायचे तर रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या घरात. पहाटेची गाडी, दिवसाची मजुरी बुडणार, आणि तिथे पोहोचल्यावर कोणत्या खोलीत जायचे हे सांगायला कोणी नाही. महाड आपल्याला जवळ, मुंबई ओळखीची, आणि जिल्ह्याचे ठिकाण मात्र परके. हे मंडणगडचे भौगोलिक दुर्दैव आहे.

किंवा दुसरे उदाहरण. एखादा तरुण खोलीत कोंडून बसू लागला, जेवेना, ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला. घरचे प्रथम देवऋषाकडे नेतात. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, रत्नागिरीला आहे. परंतु त्या नावाचीच भीती बसलेली, आणि वाटेत कोणी पाहील ही लाज. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तर पोलीस केस होईल या धास्तीने दवाखान्यातही खोटे सांगितले जाते. वस्तुतः २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा प्रयत्न तीव्र ताणाखाली झाला असे गृहीत धरले आहे आणि त्या व्यक्तीला शिक्षेपासून संरक्षण दिले आहे. ही एक गोष्ट वेळेवर सांगणारे माणूस घरात आले असते तर त्या मुलाचे पुढचे आयुष्य निराळे झाले असते.

यावरून निघणारा निष्कर्ष मला स्पष्टपणे मांडावयाचा आहे. सेवा आणि गरजू यांच्यामधले अंतर केवळ माहितीचे नाही. भित्तिपत्रके लावून, दूरध्वनी क्रमांक वाटून ते पुरते मिटणार नाही. ते अंतर भीतीचे आहे, लाजेचे आहे, बुडणाऱ्या मजुरीचे आहे आणि कचेरीच्या पायरीवर वाटणाऱ्या परकेपणाचे आहे. ते मिटवायला सोबत चालणारे माणूस लागते. हे माणूस व्हावे, ही मी आपल्याकडून अपेक्षा करतो.

यावर तीन आक्षेप घेतले जातील, आणि ते घेतले जावेत.

पहिला आक्षेप : हे धर्मादाय काम झाले, आपण राजकीय पक्षाचे कार्यकर्ते आहोत, आपले काम व्यवस्था बदलण्याचे आहे. माझे उत्तर असे, की ज्या बाईबरोबर आपण दोन वेळा कचेरीत गेलो नाही तिच्या व्यवस्थेविषयीच्या आपल्या ज्ञानाला अर्थ नाही. अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, कोणत्या दाखल्यासाठी किती फेऱ्या होतात, हे ज्याने पाहिले त्याच्याच मागणीपत्राला वजन येते. खोतीविरोधाचा लढा विधिमंडळात गेला तो १९३७ साली. १९३८ च्या जानेवारीत मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. त्याआधी याच कोकणात कार्यकर्ते वर्षानुवर्षे गावोगाव हिंडले होते, कुळांच्या तक्रारी ऐकत होते. मोर्चा हे त्या हिंडण्याचे फळ होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे शासनाचे कर्तव्य आहे, आपण ते फुकट करू लागलो तर शासन हात झटकून मोकळे होईल. हा धोका खरा आहे. शासनाला स्वयंसेवक फार आवडतात, कारण त्यांना पगार द्यावा लागत नाही. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना ‘मानधना’वर राबवून घेतले जाते, हे आपण पाहतोच. म्हणून आपली मर्यादा आपण आधीच आखून घ्यावी. समुपदेशन हे समुपदेशकाचे काम आहे, उपचार डॉक्टरचे, खटला वकिलाचे. आपण त्यांची जागा घेणार नाही. आपण गरजूला त्यांच्या दारापर्यंत नेऊ; आणि दार बंद असेल तर ते बंद का आहे, हे लेखी विचारू. पद मंजूर आहे का, भरलेले आहे का, माणूस कोणत्या वारी बसतो, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे. सोबत आणि जाब या दोन्ही गोष्टी एकाच कार्यकर्त्याने केल्या पाहिजेत. सोबत सोडून जाब विचारला तर ते पोकळ आंदोलन होते, आणि जाब सोडून सोबत केली तर शासनाला फुकटचा नोकर मिळतो.

तिसरा आक्षेप तरुणांकडून येईल, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ते म्हणतील, ‘तुम्ही आमच्यावर पहारा ठेवायला येता.’ गावात कोण कोणाशी बोलते, कोण कुठे बसते, याची चौकशी करणारी माणसे पुष्कळ आहेत. आपण त्यांत भर घालू लागलो तर ही सारी कल्पना सडून जाईल. म्हणून नियम कडक हवेत. मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून घरी सांगायची नाही, बैठकीत बोलायची नाही, वहीत नावानिशी लिहायची नाही. एकच अपवाद : कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा अज्ञान मुलावर अत्याचार होत असेल, तर गप्प राहायचे नाही. तिथे कायदाच कळवायला सांगतो. अठरा वर्षांवरील मुलीने आपल्या मनाप्रमाणे लग्न ठरवले असेल, तर तिला ‘समजावणे’ हे आपले काम नाही; तिच्यावर बळजबरी होत असेल तर तिच्या बाजूने ठाण्यात जाऊन उभे राहणे हे आपले काम आहे. ज्याला हे जमणार नाही त्याने या कामात पडू नये.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाविषयी. मी मोठ्या योजना सांगणार नाही. येत्या वर्षात होण्यासारख्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली. प्रत्येक गावात एक स्त्री आणि एक पुरुष असे दोन सोबती निवडावेत. शक्यतो तरुण, आणि गावातल्या वेगवेगळ्या वस्त्यांतले. बौद्धवाडी, मोहल्ला, कातकरी वाडी यांना वगळून झालेली निवड ही आपली निवड नव्हे.

दुसरी. या सोबत्यांनी प्रथम स्वतः सर्व कचेऱ्या पाहून याव्यात. ग्रामीण रुग्णालय, न्यायालयातील विधी सेवेचा कक्ष, एकात्मिक बालविकास प्रकल्पाचे कार्यालय, पोलीस ठाणे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, आणि एकदा तरी रत्नागिरीचा बाल संरक्षण कक्ष. कोण माणूस भेटतो, कोणत्या वेळी भेटतो, कोणते कागद मागतो, हे टिपून ठेवावे. ज्याने दार पाहिले नाही त्याने दुसऱ्याला दाराकडे नेऊ नये.

तिसरी. दहावीच्या निकालाचा आठवडा हा आपला कामाचा आठवडा मानावा. त्या दिवशी उत्तीर्ण झालेल्यांच्या घरी पेढे घेऊन सगळेच जातात. आपण अनुत्तीर्णांच्या घरी जावे. पुरवणी परीक्षा त्याच वर्षी काही आठवड्यांत होते, तिचा अर्ज भरून द्यावा. शाळा सुटून गेलेल्याला सतरा नंबरच्या अर्जाने बाहेरून बसता येते, हे सांगावे. दोन विषयांसाठी शिकवणारा एखादा निवृत्त शिक्षक गाठून द्यावा. पुढे मुक्त विद्यापीठ आहे, हस्तकौशल्याचे शिक्षण आहे. एका आठवड्याच्या या कामाने जे साधेल, ते पुढे वर्षभराच्या व्यसनमुक्तीच्या व्याख्यानांनी साधणार नाही.

चौथी. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमानी गावी आले की ग्रामस्थ मंडळाच्या सभेत हा विषय घ्यावा. देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईहून वर्गणी येते, ती येवो. त्याच सभेत एवढे ठरावे, की मुंबई-पुण्याला गावचा नवा मुलगा वा मुलगी गेली तर तिला पहिले पंधरा दिवस उतरायला विश्वासाची जागा आणि अडचणीत फोन करायला दोन नावे असतील. गावाची खोली परत आणता येणार नाही. तिचे दार परत उघडता येईल, आणि या वेळी ते मुलींसाठी आणि सर्व जातींसाठी उघडे असेल.

पाचवी. ग्रामसभेत विचारावे : आपल्या गावाची बाल संरक्षण समिती कोण, तिची शेवटची बैठक केव्हा झाली? आणि तालुक्याच्या वतीने एक मागणी सातत्याने लावून धरावी, की बाल कल्याण समितीने आणि समुपदेशकांनी मंडणगड, दापोली, खेड या उत्तरेकडच्या तालुक्यांसाठी ठरलेल्या वारी तालुक्याच्या ठिकाणी बसावे. दीडशे किलोमीटर लोकांनी जावे की अधिकाऱ्यांनी यावे, हा सोयीचा प्रश्न नाही, तो लोकशाहीचा प्रश्न आहे.

साथींनो, तरुणांनी आपल्या सभांना यावे अशी आपली तक्रारवजा अपेक्षा असते. ते येत नाहीत म्हणून आपण त्यांना उदासीन म्हणतो. परंतु त्यांच्या अडचणीच्या दिवशी आपण कुठे होतो, हा हिशेब ते मनात ठेवतात. ज्याच्याबरोबर कोणी एकदा पहाटेच्या गाडीने रत्नागिरीला गेले, मंडळाच्या दारात दिवसभर थांबले आणि रात्री त्याला घरी आणून सोडले, त्याला समाजवाद हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. तो पक्षात येईल किंवा येणार नाही. त्याचा विचार आपण या कामात करू नये. तो माणसांत राहील, एवढे पुरेसे आहे.

येत्या निकालाच्या आठवड्यापूर्वी या सभागृहातल्या किती जणांनी आपल्या गावची दोन नावे ठरवली, हे मी संयोजकांना विचारणार आहे. आपण मला उत्तर द्याल, असा भरवसा ठेवून आपली रजा घेतो.